टीजीएफ-बीटा मोजतेय, पण पेशीच नसलेल्या वेलमध्येही (प्लेटच्या खळग्यातही) तेवढाच आकडा येतोय. मदत हवी

रेणू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय.

फायब्रोब्लास्ट पेशींना एक औषध देऊन ४८ तासांनी वरचं माध्यम काढून घेतलं आणि त्यातलं टीजीएफ-बीटा १ (पेशी एकमेकींना संकेत द्यायला सोडतात ते एक प्रथिन) एलायझा किटने, म्हणजे अँटीबॉडीने प्रथिन पकडून रंगावरून मोजायच्या पद्धतीने, मोजलं. किट सँडविच पद्धतीचं आहे (प्रथिन दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडलं जातं), स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचे नमुने) २००० पिकोग्रॅमपासून ३१.२५ पर्यंत निम्म्या-निम्म्याने उतरतं. कर्व्ह सुंदर आली. पण औषध न दिलेल्या पेशी ११५० च्या आसपास, औषध दिलेल्या १०९० आणि ज्यात नुसतं माध्यम ठेवलं होतं, पेशी घातल्याच नव्हत्या, त्या वेलमध्ये १०६०!

प्लेट दोनदा लावली, दोन्ही वेळा हेच. प्रत्येक सॅम्पल जोडीने लावलंय आणि जोड्या छान जुळतात, म्हणजे पिपेटिंगची चूक वाटत नाही. किट खराब असेल का? बदलून मागवावं का? सहा महिन्यांची सॅम्पल फ्रीझरमध्ये पडून आहेत, त्यांना हात लावायची भीती वाटतेय.

जुनीजाणती

किट बदलू नका. एकच प्रश्न: माध्यमात सीरम किती टक्के होतं?

रेणू

१० टक्के, गाईच्या भ्रूणाचं, नेहमीचंच. पण किट तर मानवी टीजीएफ-बीटाचं आहे ना?

जुनीजाणती

तिथेच गाठ आहे. टीजीएफ-बीटा १ चं पक्व रूप ११२ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचं असतं आणि त्या साखळ्या माणसात आणि गाईत अक्षरशः सारख्या आहेत. उंदरात जेमतेम एका जागी फरक. किटच्या पेटीवर 'मानवी' लिहिलेलं असलं तरी आतल्या अँटीबॉडीला गाय आणि माणूस वेगळे ओळखायला काही खूणच नाही. तुमच्या वेलमध्ये गाईचं टीजीएफ-बीटा आहे, किट ते इमानाने मोजतंय.

दुसरी गोष्ट आम्लाची. हे प्रथिन पेशीतून बाहेर पडतं तेच बांधलेल्या अवस्थेत. त्याच्याच पूर्वरूपाचा तुकडा त्याला कवेत घेऊन बसलेला असतो. सँडविच किटच्या अँटीबॉडीला फक्त सुटं, सक्रिय रूप दिसतं. म्हणून आपण सॅम्पलमध्ये आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालतो, दहा मिनिटं थांबतो, मग अल्कली घालून उदासीन करतो. या दहा मिनिटांत पेशींचं बांधलेलं टीजीएफ-बीटा सुटतं आणि सीरममधलंही सुटतं. सीरममध्ये त्याचा भरपूर साठा असतो, कारण रक्त गोठताना प्लेटलेट आपल्या कणिकांमधून ते ओततात.

आता काय करायचं ते सांगते. पेशी चांगल्या पसरल्या की साध्या बफरने दोनदा धुवा, एकदा नव्हे. मग सीरम नसलेलं माध्यम घालून २४ तास ठेवा आणि औषध त्यातच द्या. पेशींना आधार म्हणून अल्ब्युमिन घालणार असाल तर आधी त्याचीच नुसती एक वेल लावून बघा, कारण गाईच्या रक्तातून काढलेल्या अल्ब्युमिनमध्येही टीजीएफ-बीटाचा अंश सापडू शकतो. माध्यम काढल्यावर ते सेंट्रिफ्यूज करून तरंगणाऱ्या पेशी बाजूला काढा, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून गोठवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

आणि पेशी नसलेली वेल आहे तशीच ठेवा. ती लावलीत म्हणून हे कळलं. बरेच जण ती लावतच नाहीत.

माध्यमयात्री

रेणू, एक शंका. सीरमचे १०६० सगळीकडून वजा केले तर नाही का चालणार? मग औषध न दिलेल्यात ९० उरतात आणि दिलेल्यात ३०. म्हणजे औषधाने एक तृतीयांशावर आणलं, असं म्हणता येईल.

सांख्यिक

नाही म्हणता येणार. ११५० आणि १०६० या दोन्ही आकड्यांत प्रत्येकी ८० इकडेतिकडे होत असतील, आणि या किटांमध्ये तेवढं सहज होतं, तर त्यांच्या वजाबाकीतली अनिश्चितता दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यावर ११३ येते. म्हणजे ९० अधिक-उणे ११३. हा आकडा शून्यही असू शकतो, ऋणही. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून आलेली छोटी संख्या कधीही भरवशाची नसते.

शिवाय पेशी सीरममधलं टीजीएफ-बीटा नुसतं बघत बसत नाहीत. त्या ते आत घेतात, बांधून ठेवतात. त्यामुळे पेशी असलेल्या वेलमध्ये सीरमचा वाटा १०६० च राहिला असेल असंही नाही.

रेणू, तुम्ही 'कर्व्ह सुंदर आली' म्हणालात. ती सरळ रेषेने काढलीत का?

रेणू

हो. आर-वर्ग (बिंदू रेषेशी किती जुळतात त्याचं माप) ०.९९ आला होता.

सांख्यिक

तो ०.९९ वरचे दोन-तीन बिंदू ठरवतात. एलायझाची कर्व्ह इंग्रजी एस अक्षरासारखी असते, खाली सपाट, मध्ये चढ, वर पुन्हा सपाट. तिला चार घटकांचं लॉजिस्टिक समीकरण बसवा. प्लेट रीडरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते असतंच. मग प्रत्येक स्टँडर्डचं शोषण (रंगाची तीव्रता) त्याच समीकरणात उलटं घालून बघा: ६२.५ च्या वेलचा आकडा ६२.५ च्या जवळ येतो का? ८० ते १२० टक्क्यांत बसला तर तो बिंदू विश्वासाचा. सरळ रेषेत ३१.२५ चा बिंदू बहुतेक वेळा पार भलतीकडे गेलेला दिसेल, आणि सीरम काढल्यावर तुमची सॅम्पल नेमकी त्या खालच्या टोकाला येणार आहेत.

कर्व्हच्या बाहेरचा आकडा लिहू नका. सर्वांत खालच्या स्टँडर्डच्याही खाली गेला तर 'मापनमर्यादेखाली' एवढंच लिहायचं.

शून्य_ब्लँक

सांख्यिक यांना अनुमोदन. माझी एक भर. १०० मायक्रोलिटर सॅम्पल, २० आम्ल, २० अल्कली, एकूण १४०. म्हणजे सॅम्पल १.४ पट पातळ झालं आणि शेवटच्या आकड्याला १.४ ने गुणायचं असतं. तुमच्या किटच्या पत्रकात मापं वेगळी असतील तर गुणकही वेगळा. मी पहिल्या वर्षी हे गुणायचं विसरलो आणि गटाच्या बैठकीत जुन्या आकड्यांशी माझे आकडे जुळेनात, तेव्हा दोन आठवडे पेशींनाच दोष देत बसलो होतो.

उदासीन झालं की नाही हे बघायची सोपी खूण: माध्यमात फिनॉल रेड असेल तर आम्ल घातल्यावर ते पिवळं होतं आणि अल्कली घातल्यावर परत लाल-गुलाबीकडे येतं. एखादी नळी पिवळीच राहिली तर ती प्लेटवर घालू नका, अँटीबॉडी आम्लात नीट चिकटत नाही. रंग नसलेलं माध्यम असेल तर एका जादा नळीतला थेंब पीएच कागदावर टाकून बघा.

रक्तमापक

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडे रुग्णांच्या रक्तातून टीजीएफ-बीटा आणि व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) मोजायचंय. सीरम घ्यावं की प्लाझ्मा?

जुनीजाणती

ही दोन्ही प्रथिनं प्लेटलेटच्या पोटात भरलेली असतात. सीरम म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटलेलं पाणी, त्यात प्लेटलेट रिकाम्या झालेल्या असतात. त्यामुळे सीरममधला आकडा प्लाझ्मापेक्षा कित्येक पट मोठा येतो आणि तो आजाराबद्दल कमी, प्लेटलेटच्या संख्येबद्दल जास्त सांगतो. प्लाझ्मा, म्हणजे गोठू न दिलेल्या रक्ताचा वरचा द्रव, घ्या, ईडीटीए किंवा सायट्रेटमधला (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं), पण सगळ्या रुग्णांचा एकाच प्रकारचा. आणि एकदा सेंट्रिफ्यूज करून भागत नाही. वरचा प्लाझ्मा अलगद काढून पुन्हा जास्त वेगाने फिरवा, म्हणजे उरलेल्या प्लेटलेट खाली बसतील. त्या तशाच राहून गोठवल्या तर वितळताना फुटतात आणि सगळं मुसळ केरात.

नळी काढल्यापासून सेंट्रिफ्यूजपर्यंत किती वेळ गेला ते प्रत्येक रुग्णासमोर लिहून ठेवा. रक्त टेबलावर पडून राहिलं की त्यातल्या पेशी इंटरल्यूकिन-८ सारखी दाहाची प्रथिनं सोडत राहतात. ज्या रुग्णाचं रक्त दुपारी उशिरा आलं त्याला जास्त दाह आहे असा निष्कर्ष निघायला नको.

वाचनमात्र

मला एक मूलभूत गोष्ट विचारायची आहे. किट विकत घेतलं म्हणजे कोणीतरी ते तपासलेलंच असणार ना? आपण पुन्हा कशाला तपासायचं?

जुनीजाणती

प्रश्न चांगला आहे, सविस्तर सांगते.

अँटीबॉडीने प्रथिन मोजायची कल्पना रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची. १९६० च्या सुमाराला त्यांनी किरणोत्सारी आयोडीन लावलेल्या इन्सुलिनने रक्तातलं इन्सुलिन मोजून दाखवलं. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये इव्हा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी किरणोत्सर्गाच्या जागी विकर आणलं, त्याच काळात नेदरलँड्समध्ये व्हॅन वीमेन आणि श्यूर्स यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांची एकाच जातीची अँटीबॉडी हवी तितकी बनवायची पद्धत आली. तुमच्या प्लेटच्या तळाशी चिकटलेली अँटीबॉडी बहुतेक त्याच पद्धतीची.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट बदललेली नाही. अँटीबॉडी प्रथिनाचं नाव वाचत नाही, त्याच्या पृष्ठभागावरचा एक छोटा आकार ओळखते. तोच आकार दुसऱ्या प्रथिनावर असेल तर तिथेही चिकटते, आणि प्लेट निळी होते. निळ्या रंगावरून कोण चिकटलं ते कळत नाही.

याचं मोठं उदाहरण जीडीएफ-११ चं. तेही टीजीएफ-बीटाच्याच घराण्यातलं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या एमी वॅगर्स आणि रिचर्ड ली यांच्या गटाने तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं. म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयाची जाड झालेली भिंत चार आठवड्यांत उतरली. वयाबरोबर रक्तातलं जीडीएफ-११ कमी होतं आणि तेच टोचलं तर हृदय सुधारतं, असं त्यांनी मांडलं. साहजिकच खूप गाजावाजा झाला. २०१५ मध्ये नोव्हार्टिसमधल्या डेव्हिड ग्लास यांच्या गटाने ती मोजणारी साधनंच तपासली. जीडीएफ-११ आणि जीडीएफ-८, म्हणजे मायोस्टॅटिन, यांची पक्व रूपं सुमारे ९० टक्के सारखी आहेत, आणि वापरलेली साधनं दोघांनाही चिकटत होती. त्यांच्या मोजणीत जीडीएफ-११ वयाबरोबर घटण्याऐवजी वाढण्याकडे झुकत होतं. मग हार्वर्डच्या गटाने ग्लास यांच्या मोजणीतलीच अडचण दाखवली: वेस्टर्न ब्लॉटमधल्या (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) ज्या पट्टीला त्यांचा गट जीडीएफ-११ म्हणत होता तिच्यात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातली अँटीबॉडीच, होतं. २०१६ मध्ये मायो क्लिनिकच्या संशोधकांनी अँटीबॉडीवर विसंबून न राहता मास स्पेक्ट्रोमीटरने (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने) दोन्ही प्रथिनं त्यांच्या वेगळ्या तुकड्यांवरून ओळखून मोजली. माणसांत जीडीएफ-११ वयाबरोबर घटताना दिसलं नाही.

दोन्ही बाजूला नावाजलेली माणसं, उत्तम प्रयोगशाळा. अडलं ते 'ही अँटीबॉडी नेमकी कोणाला चिकटते' या प्रश्नाशी.

माध्यमयात्री

असंच सीयूझेडडी-१ या प्रथिनाबद्दलही वाचलंय. टोरांटोच्या एका गटाला स्वादुपिंडाच्या कर्करोगाची नवी खूण सापडल्यासारखं वाटलं, पुढे कळलं की त्यांचं बाजारातलं किट प्रत्यक्षात सीए-१२५ हे दुसरंच प्रथिन मोजत होतं. त्यांनी २०१४ मध्ये ते स्वतःच प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

वाचनमात्र

बाप रे. मग आपल्यासारख्यांनी तपासायचं कसं? मास स्पेक्ट्रोमीटर कुठून आणणार?

शून्य_ब्लँक

तीन गोष्टी कोणालाही करता येतात, एका प्लेटच्या कोपऱ्यात बसतात.

सॅम्पलमध्ये माहीत असलेलं स्टँडर्ड मिसळा, उदाहरणार्थ ५००. सॅम्पलचा स्वतःचा आकडा वजा करून ५०० च्या जवळपास परत मिळतं का बघा. २०० च मिळालं तर सॅम्पलमधलं काहीतरी मोजणी दाबतंय.

एकच सॅम्पल निम्म्या-निम्म्याने पातळ करत जा. गुणून परत आणलेले आकडे सारखे यायला हवेत. पातळ केल्यावर आकडा वाढत गेला तर अडथळा आहे, किंवा प्रथिन इतकं जास्त आहे की दोन्ही अँटीबॉडी वेगवेगळ्या रेणूंवर भरून गेल्यात आणि सँडविच बनतच नाही. हा दुसरा प्रकार सॅम्पल आणि शोधणारी अँटीबॉडी एकदमच घालायच्या किटांमध्ये जास्त दिसतो.

आणि ज्या पेशीत ते जनुक बंद केलेलं आहे किंवा मुळातच नाही, तिचं माध्यम. तिथे शून्य यायला हवं. माझ्या मते हा सर्वांत मोलाचा पुरावा, बाकी दोन्ही त्याच्या मागे.

फॉस्फो_फ

माझी प्लेट काल पूर्ण कोरी आली, स्टँडर्डसुद्धा. फॉस्फो-ईआरकेचं (फॉस्फेट जोडलेल्या ईआरके प्रथिनाचं) किट. पेशी फोडताना फॉस्फेटेज रोधक (ते फॉस्फेट तुटू न देणारे) घातले होते, बर्फावर काम केलं होतं. धुण्याचा बफर घरचा, बाकी सगळं किटमधलं.

शून्य_ब्लँक

स्टँडर्डही कोरं म्हणजे सॅम्पलचा दोष नाही. त्या घरच्या बफरमध्ये बुरशी येऊ नये म्हणून सोडियम अझाइड घातलंय का? रंग आणणारं विकर म्हणजे मुळ्याच्या जातीच्या हॉर्सरॅडिशमधलं पेरॉक्सिडेज, आणि अझाइड त्याला मारतं.

फॉस्फो_फ

बाटलीवर आमच्या आधीच्या विद्यार्थ्याच्या अक्षरात '०.०२ टक्के' असं पुसट लिहिलंय, कशाचं ते नाही. अझाइडच असणार. नवा बफर बनवला, सकाळी दोन पट्ट्या लावल्या, रंग आला. मनापासून धन्यवाद, दोन महिने हाच बफर वापरत होतो वेस्टर्न ब्लॉटलासुद्धा.

रक्तमापक

अजून एक. आमच्याकडे इंटरल्यूकिन-६ साठी आधी एका कंपनीचं किट होतं, आता दुसऱ्या. एकाच प्लाझ्माचा आकडा जवळजवळ दुप्पट येतोय. खरा कोणता?

जुनीजाणती

दोन्ही किटांचं स्टँडर्ड वेगळ्या हातांनी बनवलेलं आणि वजन केलेलं असतं, अँटीबॉडीही वेगळ्या जागी पकडतात. जागतिक आरोग्य संघटनेचं इंटरल्यूकिन-६ साठी आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. पत्रकात त्याच्याशी केलेली तुलना दिली असेल तर तो गुणक वापरा. नसेल तर जुन्या आणि नव्या किटचे आकडे एकाच आलेखात टाकू नका. निदान वीसेक जुनी सॅम्पल नव्या किटवर पुन्हा लावा आणि नातं काढा. अभ्यास सुरू असताना मध्येच किट बदलायचं नाही, शक्यतो लॉट (एकत्र बनलेली खेप) सुद्धा नाही.

रेणू (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी परत आलेय, क्षमस्व. सांगितलं तसं सगळं केलं.

दोनदा धुतलं, सीरमविना २४ तास. आम्ल घातल्यावर नळ्या पिवळ्या झाल्या आणि अल्कलीने परत गुलाबी झाल्या, त्या रांगेकडे बघताना पहिल्यांदा वाटलं की आपण काय करतोय ते आपल्याला कळतंय. एक नळी पिवळीच राहिली होती, ती बाजूला काढून पुन्हा केली. चार घटकांची कर्व्ह बसवली, १.४ ने गुणलं.

नुसतं माध्यम: मापनमर्यादेखाली. औषध न दिलेल्या पेशी: ४२०. औषध दिलेल्या: १९०. मिसळलेल्या ५०० पैकी ४६० परत मिळाले. आम्ल न घातलेल्या वेलमध्ये जवळजवळ काहीच नाही, म्हणजे जे आहे ते बहुतेक सगळं बांधलेलंच.

निम्म्याहून खाली आलं, म्हणजे औषध काम करतंय ना?

सांख्यिक

फार छान काम केलंत. पण औषध दिलेल्या वेलमध्ये पेशी किती उरल्या होत्या?

रेणू (धागाकर्ती)

हा प्रश्न वाचून सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो उघडले. औषधाच्या वेलमध्ये मोकळ्या जागा दिसतात. प्लेट फेकली नव्हती, त्याच वेलमधल्या पेशींचं डीएनए मोजलं. औषध दिलेल्यात न दिलेल्याच्या ६० टक्के आहे.

म्हणजे तेवढ्याच पेशी असत्या तर १९० चे साधारण ३१७ झाले असते. ४२० विरुद्ध ३१७. फरक आहे, पण निम्म्याचा नाही, चौथ्या हिश्श्याचा.

सांख्यिक

आणि तोही एकाच दिवसाच्या पेशींवरचा. जोडीने लावलेल्या वेल या एकाच सॅम्पलच्या दोन मोजण्या असतात, त्यांना दोन प्रयोग म्हणता येत नाही. वेगवेगळ्या दिवशी पसरलेल्या पेशींवर निदान तीनदा करा, आणि औषधाची मात्रा कमी करून पेशी न मरता फरक टिकतो का तेही बघा.

जुनीजाणती

रेणू, फ्रीझरमधली सहा महिन्यांची सॅम्पल सीरमसकट गोळा केलेली आहेत का?

रेणू (धागाकर्ती)

हो ताई, सगळी. त्यांच्यात टीजीएफ-बीटा मोजणार नाही, हे मी मार्गदर्शकांना काल सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग त्यांनी पेशी नसलेल्या वेलचा आकडा पुन्हा एकदा मागून घेतला आणि हो म्हणाले.

दुसऱ्या फेरीच्या पेशी आज सकाळी पसरल्या आहेत. औषधाच्या तीन मात्रा, प्रत्येकीला डीएनएची जोड, आणि पेशी नसलेली वेल दोन्ही प्लेटवर. शनिवारी माध्यम काढेन. आकडे इथेच टाकते.